चावी न देता दिलेली इजाजत

मागच्या महिन्यात नववीच्या एका मुलाने मला विचारलं, "टीचर, बऱ्याच साइटवर 'गूगलने लॉगिन करा' असं बटण असतं. ते दाबलं की माझा गूगलचा पासवर्ड त्या साइटला कळतो का?" मी उर्दू आणि मराठी शिकवते. संगणकाचा तास माझा नाही. ज्यांचा होता ते रजेवर होते म्हणून मी वर्गावर गेले होते. "नाही कळत," एवढं मी सांगितलं. लगेच दुसरा प्रश्न आला, "मग साइटवाला मला ओळखतो कसा?" तेवढ्यात बेल झाली आणि मी सुटले.

घरी येऊन पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याला फोन लावला. "खाला, त्याला ओऑथ म्हणतात," तो म्हणाला आणि पुढची वीस मिनिटं जे बोलला त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. मग मीच वाचायला बसले. आठवडाभर वाचल्यावर वाटलं, हे सगळं आपण आधी कुठेतरी पाहिलंय. परवाना, दस्तक, मुख्त्यारनामा, मोर्तब, हुंडी. आपल्या किनाऱ्यावरचे लोक पाचशे वर्षं ज्या कागदांशी झुंजले, त्याच कागदांची ही पुढची गोष्ट आहे.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच होतो. एक आहे शनाख्त: तू कोण आहेस? दुसरा आहे इजाजत: तुला काय करायची मुभा आहे? दारावर येणाऱ्या दूधवाल्याची शनाख्त आपल्याला असते, पण म्हणून त्याला कपाट उघडायची इजाजत नसते. उलट, कुरिअरवाल्याला आपण ओळखत नाही, तरी त्याच्या हातात पावती असेल तर पार्सल देतो. पासवर्ड ही दोन्ही कामं एकाच फटक्यात करतो, आणि म्हणूनच तो दुसऱ्याच्या हाती देणं धोक्याचं. पासवर्ड दिला की कपाट, तिजोरी, माजघर सगळंच दिलं.

आमच्या घरात ह्या विषयाला एक जुनी जखम आहे. माझ्या दादीला तिच्या वडिलांकडून वाटणीत आंब्याची काही कलमं आणि रस्त्याला लागून एक जमिनीची पट्टी मिळाली होती. दादा जहाजावर. वर्षातून एकदा घरी यायचे, एखाद्या वर्षी तेही नाही. नात्यातल्याच एका माणसाने सांगितलं, आंबा उतरवून विकायचा तर दर वेळी तुम्ही कुठे धावणार, मुख्त्यारनामा करून द्या. दादी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गेली आणि अंगठा उठवून आली. कागदावर होता आम मुख्त्यारनामा. म्हणजे सर्व कामांचा, विक्रीसकट. दादीच्या कानावर 'आम' पडलं आणि तिने धरलं की हा आंब्याचा मुख्त्यारनामा. उर्दूत तो 'आम' ऐनने लिहितात आणि आंबा अलिफ-मदने, पण दादीला दोन्ही वाचता येत नव्हतं, आणि कानाला दोन्ही सारखेच लागतात. चार वर्षांनी रस्त्यालगतची पट्टी दुसऱ्याच्या नावावर झालेली कळली. कोर्टात कोणी गेलं नाही. नात्यातला मामला होता.

तिला हवा होता तो खास मुख्त्यारनामा: अमुक कलमांवरचा आंबा, अमुक हंगामापुरता, उतरवणं आणि विकणं, बस. आपल्याकडे १८८२ चा मुख्त्यारपत्राचा कायदा आहे, आणि आम-खास हा फरक वकिलांच्या रोजच्या वापरातला आहे. इजाजत कशाची, किती दिवसांची, कोणाला, आणि ती मागे कशी घ्यायची, हे चार प्रश्न कागदावर नसतील तर ती इजाजत नव्हे, ती चावी झाली. ओऑथवर वाचताना मला हेच चार प्रश्न पुन्हा पुन्हा भेटले.

आता थोडं मागे जाऊ. १५०२ च्या सुमारास पोर्तुगीजांनी ह्या समुद्रावर एक कागद सुरू केला, कार्ताझ. शब्द मूळचा अरबी 'किर्तास', म्हणजे कागद. आपलाच शब्द घेऊन आपल्याच जहाजांना अडवलं गेलं. कार्ताझवर जहाजाचं नाव, नाखुदाचं नाव, जहाज केवढं, त्यावर हत्यारं किती, कुठून कुठे जाणार हे लिहिलेलं असे. काय न्यायचं नाही तेही असे: मिरी, घोडे, शस्त्रं. जाता-येता पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरायची. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. रत्नागिरीत आजही नाखवा आणि नाखुदा ही आडनावं आहेत. त्यांच्या पूर्वजांनी हे कागद छातीशी धरून होर्मुझ आणि जेद्दाहच्या वाटा तुडवल्या असतील. आपल्या दाभोळचं बंदर ह्या व्यापारातलं मोठं नाव होतं. त्याच दाभोळला डिसेंबर १५०८ मध्ये आल्मेदाने आग लावली आणि माणसं कापली. कार्ताझमागचा धाक कुठून आला हे त्यावरून कळतं.

कार्ताझ ही जुलमाची वस्तू होती ह्यात शंका नाही. समुद्र पोर्तुगीजांच्या बापाचा नव्हता. पण कागद म्हणून पाहिला तर तो नीट रचलेला होता. जहाज बांधलेलं, काम नेमलेलं, वाट नेमलेली. प्रश्न होता तो देणाऱ्याच्या इमानाचा. अकबराच्या काळात मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी हज फर्ज राहिलेली नाही असा फतवा दिला, त्यामागचं एक कारण बदायूनीने नोंदवलं आहे: समुद्रमार्गाने जायचं तर हजरत मरियम आणि हजरत ईसा यांच्या तसबिरी छापलेला फिरंग्यांचा परवाना जवळ ठेवावा लागतो. फतव्यावर तेव्हाही वाद होता. पण हाजींच्या गलबतांनी कार्ताझ घेतले, निमूटपणे घेतले. आणि १६१३ साली काय झालं? अकबराची बेगम आणि जहांगिराची आई मरियम-उज-जमानी हिचं 'रहीमी' हे जहाज लाल समुद्रातून परतताना सुरतेजवळ पोर्तुगीजांनी पकडलं. रहीमीकडे पोर्तुगीजांचाच कार्ताझ होता. ज्याने लिहून दिला त्यानेच फाडला. जहांगिराने त्यांचा व्यापार बंद पाडला, दमणला वेढा घालायला फौज पाठवली.

पुढे अठराव्या शतकात कान्होजी आंग्र्यांनी हाच डाव उलटवला. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा हाताशी. समुद्र आमचा, तेव्हा दस्तक आमची घ्या. इंग्रजांना हे मानवेना. त्यातला एक वाद फार बोलका आहे. इंग्रज आपल्या नावाचे परवाने आणि निशाण इथल्या व्यापाऱ्यांच्या गलबतांनाही देत. कान्होजींचं म्हणणं, माल कोणाचा, निशाण कोणाचं? परवाना कंपनीचा असेल, पण तो ज्याच्या हातात आहे तो कंपनी नव्हे. हाच रोग बंगालमध्ये विकोपाला गेला. फर्रुखसियरने १७१७ साली कंपनीच्या मालाला जकातमाफी दिली. कंपनीची दस्तक दाखवली की चौकी मोकळी. कंपनीचे नोकर त्याच दस्तकीवर स्वतःचा खासगी माल नेऊ लागले, आणि मग दस्तक इतर व्यापाऱ्यांना विकूही लागले. चौकीवरचा माणूस कागद बघणार, माणूस नाही. शेवटी १७६३ साली मीर कासिमने सगळ्यांचीच जकात रद्द करून टाकली, म्हणजे दस्तकीला अर्थच उरू नये. त्यातून लढाई पेटली आणि १७६४ चं बक्सर घडलं. एका परवान्याच्या गैरवापरातून किती दूरवर जाता येतं ते पाहा.

ह्या सगळ्याचा लॉगिनच्या बटणाशी संबंध काय? २००६ च्या आसपासचं इंटरनेट आठवा. एखाद्या नव्या साइटवर गेलं की ती म्हणायची, तुमचे मित्र शोधून देते, तुमच्या ईमेलचा पासवर्ड सांगा. लोक सांगायचे. ट्विटर वापरायला दुसऱ्या कोणाचं ॲप घेतलं तर ते ट्विटरचा पासवर्ड मागायचं. हा शुद्ध आम मुख्त्यारनामा. आज मित्र शोधणारी साइट उद्या सगळी पत्रं वाचू शकत होती, आणि तिला रोखायचं तर पासवर्ड बदलणं हा एकच इलाज. तो बदलला की ज्यांना खरोखर इजाजत द्यायची होती त्यांचीही तुटायची.

मोठ्या कंपन्यांनी आपापल्या घरापुरते तोडगे काढले होते. गूगलचा एक, याहूचा दुसरा, फ्लिकरचा तिसरा. प्रत्येक बंदराची दस्तक वेगळी. नोव्हेंबर २००६ मध्ये ट्विटरमधला ब्लेन कुक आणि मॅग्नोलिया नावाच्या एका लहान साइटचा लॅरी हाफ, त्यांच्याबरोबर ख्रिस मेसिना आणि डेव्हिड रेकॉर्डन, ह्या मंडळींच्या लक्षात आलं की शनाख्तीसाठी खुला नियम तयार होतो आहे, इजाजतीसाठी मात्र काहीच नाही. एप्रिल २००७ मध्ये थोडे लोक जमले. वर्ष संपायच्या आत, डिसेंबर २००७ मध्ये, ओऑथ १.० चा मसुदा पक्का झाला. कोणत्याही सरकारने सांगितलेलं नव्हतं, कोणत्याही एका कंपनीची मालकी नव्हती.

कल्पना सोपी आहे. साइट तुम्हाला पासवर्ड विचारतच नाही. ती तुम्हाला गूगलच्या (किंवा ज्याच्याकडे तुमचं खातं आहे त्याच्या) दारावर नेऊन सोडते. पासवर्ड तुम्ही फक्त तिथे देता. गूगल विचारतो, ही साइट तुमचं नाव आणि ईमेल मागते आहे, देऊ? तुम्ही हो म्हटलंत की गूगल त्या साइटला एक चिठ्ठी देतो. तिला टोकन म्हणतात. चिठ्ठी त्या साइटपुरती, त्या कामापुरती, ठराविक मुदतीची. नको झाली तर तेवढीच फाडायची. पासवर्डला धक्का नाही. आज आपण दाबतो त्या 'गूगलने लॉगिन करा' ह्या बटणामागे ओपनआयडी कनेक्ट नावाची २०१४ ची एक रचना आहे, पण तिचा पाया ओऑथच. डिजीलॉकरमधून एखाद्या संस्थेला मार्कशीट दाखवायची परवानगी आपण देतो, तिथेही मागे हेच.

पण कल्पना सोपी म्हणून काम सोपं नव्हतं. ओऑथ १.० मध्ये साइटने गूगलला पाठवलेल्या प्रत्येक विनंतीवर एक सही लागायची. माणसाची नव्हे, गणिताने काढलेली. ती काढायची रीत ऐकून मला हसू आलं. विनंतीतले सगळे तुकडे आधी क्रमाने लावायचे, ठराविक पद्धतीने लिहायचे, एकत्र जोडायचे, आणि मग त्या सबंध मजकुरावर गुप्त किल्लीने सही काढायची. मधलं एक अक्षर बदललं तरी सही जुळणार नाही. आपल्या जुन्या कागदांवर वर शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. मोर्तब झालं की त्याखाली कोणी एक ओळही घुसवू शकत नसे; शिवकाळातल्या मोर्तबावर 'मर्यादा इथे शोभते' अशाच अर्थाचे शब्द आहेत. आणि मोर्तब हा शब्द अरबी 'मुरत्तब' वरून आलेला, म्हणजे तरतीबवार लावलेलं. आधी क्रमाने लावणं, मग मोहर. ओऑथ लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असणं शक्य नाही. मला मात्र भाषेची मास्तरीण म्हणून त्या दिवशी झोप लागेना.

ही सही काढणं प्रोग्रामरांना फार छळायचं. टक्क्याचं एक चिन्ह इकडचं तिकडे झालं की सगळं फुकट. म्हणून कोणीतरी ते एकदाच नीट लिहून सर्वांसाठी ठेवणं भाग होतं. पाउन्स नावाच्या छोट्या कंपनीची सहसंस्थापक लिआ कल्व्हर हिने २००७ मध्ये पायथॉन भाषेत हे काम करणारी एक फाईल लिहिली. पीएचपी ह्या भाषेत अँडी स्मिथने लिहिली. लिआची फाईल काहीशे ओळींची, एकच. आपल्या नववीच्या मराठीच्या पुस्तकातले चार-पाच धडे एकत्र केले तर जेवढा मजकूर होईल, तेवढी. ह्याला लायब्ररी म्हणतात. आपल्याला शब्द ऐकून पुस्तकांनी भरलेली कपाटं आठवतात, पण हे एखाद्या हत्यारपेटीसारखं असतं. तुमचा प्रोग्राम तुम्ही लिहा, सहीचं किचकट काम ह्या पेटीतल्या अवजाराला सांगा. फाईल एमआयटीच्या परवान्याखाली खुली. हाही एक परवानाच, आणि सगळ्यात उदार: कोणीही घ्या, वापरा, बदला, विका, फक्त मूळ मालकाचं नाव आणि हा परवाना पुसू नका. आणि एक अट अशी की बिघडलं तर लिहिणाऱ्याला विचारायला येऊ नका.

कुलपाची रचना अशी उघड्यावर ठेवली तर चोराचं फावणार नाही का? हा प्रश्न मी भाच्याला विचारला. उत्तर १८८३ सालचं आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या माणसाने तेव्हा फ्रेंच लष्करी मासिकात लिहिलं की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित फक्त किल्लीत असावं. मला आवडलेली गोष्ट म्हणजे हा केर्कहॉफ्स पॅरिसमध्ये भाषा शिकवायचा. कुलूप कसं बनतं ते सगळ्या लोहारांना माहीत असतं, तरी माझ्या घराची चावी माझ्याकडेच असते. उघड असलं की दहा जण तपासतात आणि खोट सापडते. निदान सापडावी अशी अपेक्षा असते.

खोट सापडली एप्रिल २००९ मध्ये, आणि ती कोडमध्ये नव्हती, खुद्द नियमातच होती. तेव्हाची पद्धत अशी: साइट आधी एक कोरी चिठ्ठी आणते, तुम्हाला ती घेऊन खात्याच्या दारावर पाठवते, तुम्ही तिथे होकार देता, मग चिठ्ठी पक्की होते. चोराने काय करायचं? साइटवर स्वतः जायचं, स्वतःच्या नावाने कोरी चिठ्ठी काढायची, पण तिच्यावर स्वतः होकार द्यायला जायचंच नाही. ती चिठ्ठी तुम्हाला पाठवायची: इथे दाबा. तुम्ही दाबता. पान खरं असतं, पत्ता खरा, पासवर्ड तुम्ही खऱ्या ठिकाणीच देता, होकारही तुमचाच. पक्की होते ती चिठ्ठी मात्र चोराची. तो साइटवर परत जातो आणि तुमच्या खात्यात शिरतो.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटावं तसा लॅपटॉप मिटला. कचेरी खरी होती. कारकून खरा होता. अंगठा दादीचाच होता. फक्त कागद दुसऱ्याने आणलेला होता.

ट्विटर आणि याहूने तेव्हा काही काळ ओऑथ बंदच ठेवलं. जूनमध्ये सुधारलेली आवृत्ती आली, १.०ए. इलाज असा की होकार दिल्यावर खात्याकडून होकार देणाऱ्याच्याच हाती एक खूण द्यायची, आणि ती खूण साइटकडे पोचल्याशिवाय चिठ्ठी पक्की करायची नाही. शिवाय होकारानंतर माणसाला परत कुठे पाठवायचं तेही आधीच ठरवून ठेवायचं. म्हणजे काम ज्याने सुरू केलं आणि होकार ज्याने दिला ते दोघे एकच आहेत ना, हे तपासायचं. आज फोनवर कोणीतरी गोड बोलून ओटीपी मागतो, तेव्हा तो हीच तपासणी चुकवत असतो. व्यवहार त्याने सुरू केलेला असतो, खूण तुमच्याकडे आलेली असते, आणि तो ती तुमच्याकडून वदवून घेतो. नियम कितीही सुधारा, ही एक फट माणसाच्या तोंडातून उघडी राहते.

त्यानंतर ऑगस्ट २०१० मध्ये ट्विटरने दुसऱ्या ॲपना पासवर्ड देण्याची जुनी वाट कायमची बंद केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओऑथ १.० ला इंटरनेटच्या अधिकृत नियमावलीत क्रमांक मिळाला होता, आरएफसी ५८४९. त्याचा संपादक एरन हॅमर. पण सहीचा छळ लोकांना नको होता. २.० मध्ये ती काढून टाकायची ठरली: वाट सुरक्षित असली, म्हणजे दोन टोकांमधला सगळा मजकूर कुलूपबंद जात असला, की प्रत्येक चिठ्ठीवर सही कशाला? हॅमरला हे पटलं नाही. जुलै २०१२ मध्ये त्याने संपादकपद सोडलं, आपलं नाव काढून घेतलं, आणि २.० म्हणजे नरकाचा रस्ता आहे अशा अर्थाचा लेख लिहिला. ऑक्टोबर २०१२ मध्ये २.० त्याच्याशिवाय प्रसिद्ध झालं.

हा वाद आपल्या सावकारी पेढीवरच्या माणसाला दोन मिनिटांत कळला असता. हुंड्या निरनिराळ्या असत. धनीजोग हुंडीचे पैसे ज्याच्या नावाची असेल त्यालाच. शहाजोग हुंडीचे पैसे पतवान शहाला, म्हणजे पुढे भानगड निघाली तर धरायला कोणीतरी हवा. देखणहार हुंडी मात्र जो दाखवील त्याची. २.० चं टोकन देखणहार आहे. ज्याच्या हाती आहे तोच मालक. ते वाटेत पडलं, चोरीला गेलं, तर उचलणाऱ्याला कोणी विचारणार नाही. बंगालची दस्तकही अशीच होती. हॅमरचा राग मला अवाजवी वाटत नाही, पण सोपेपणामुळेच २.० जगभर पसरलं हेही खरं आहे. सही काढता येत नाही म्हणून पासवर्डच मागत बसणाऱ्या हजार साइटपेक्षा देखणहार चिठ्ठी बरी. गंमत म्हणजे २.० मध्ये पासवर्ड थेट मागून घ्यायचीही एक पळवाट ठेवलेली होती, ज्याच्या विरोधात हे सगळं उभं राहिलं तीच. ती वापरू नका असं निक्षून सांगणारा अधिकृत दस्तऐवज जानेवारी २०२५ मध्ये आला. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी एक नियम आला, ज्यात चिठ्ठी दाखवणाऱ्याला ती आपलीच आहे हे आपल्या किल्लीने सिद्ध करावं लागतं. फिरून धनीजोग.

आता त्या छोट्या फाईलचं काय झालं ते सांगते, कारण मला तेच जास्त लागून राहिलं. पाउन्स डिसेंबर २००८ मध्ये बंद पडलं. मॅग्नोलियाचा सगळा डेटा जानेवारी २००९ मध्ये एका रात्रीत गेला, लोकांनी जपून ठेवलेल्या खुणा गेल्या. कंपन्या गेल्या, फाईल जगली. तिच्यावरून सिंपलजिओ नावाच्या कंपनीने पायथॉनसाठीच 'ओऑथ२' नावाची लायब्ररी तयार केली. नाव फसवं आहे, आत नियम १.० चाच. पुष्कळांनी ती आपल्या प्रोग्राममध्ये बसवली. २०११ मध्ये सिंपलजिओ विकली गेली आणि लायब्ररीला वाली उरला नाही. मग २०१३ मध्ये तिच्यात दोन खोटी सापडल्या, आणि सुरक्षेच्या जागतिक यादीत त्या नोंदल्या आहेत. पहिली अशी की प्रत्येक विनंतीवर एकदाच वापरायचा एक आकडा असतो. तो आधी येऊन गेला आहे का हे पाहायचं कामच ती लायब्ररी करत नव्हती. एसटीच्या कंडक्टरने तिकीट हातात घेऊन बघायचं आणि पंच न करताच परत द्यायचं, तसं. तेच तिकीट दुसऱ्याला द्या, तोही बसेल. दुसरी खोट अशी की हा आकडा ती ज्या पद्धतीने काढायची ती कच्ची होती, अंदाज बांधता येईल अशी. शेकडो लोकांनी फाईल उघडी पाहिली होती, उचलून वापरली होती. तपासायचं काम दुसरं कोणीतरी करत असेल असं प्रत्येकाने धरलं. परवान्याच्या खाली लिहिलेलंच होतं, बिघडलं तर विचारायला येऊ नका.

नंतर ओऑथलिब नावाची दुसरी लायब्ररी त्या जागी आली. ती एका माणसाने सुरू केली आणि पुढे अनेकांनी मिळून सांभाळली. आता तिच्यावर मालक म्हणून एका समूहाचं नाव असतं. अशा कामाला पगार नसतो किंवा जेमतेम असतो. आपल्याकडे वाडीतली पाखाडी जशी कोणीतरी पावसाळ्याआधी साफ करून ठेवतो, आणि कोण करतो हे तो करेनासा झाल्यावरच कळतं, तसं हे.

परवा मी पुन्हा नववीवर गेले, ह्या वेळी तास मागून घेऊन. त्या मुलाला म्हटलं, तुझा पासवर्ड साइटला कळत नाही, पण तू दिलेली चिठ्ठी तिच्याकडे राहते. ती कुठे दिसते ते बघू. माझा फोन फळ्याजवळच्या मोठ्या पडद्याला जोडला, गूगल खात्यात सुरक्षेच्या पानावर गेले, आणि माझ्या खात्याला जोडलेल्या ॲप आणि साइटची यादी उघडली. सगळा वर्ग वाचत होता. अकरा नावं होती. चार मला आठवली. एक ईदचं ग्रीटिंग बनवायचं ॲप होतं, दोन-तीन वर्षांपूर्वी एकदा वापरलेलं, आणि त्याच्याकडे माझे सगळे कॉन्टॅक्ट पाहायची इजाजत होती.

"टीचर, ही कधी दिलीत?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

मला आठवत नव्हतं. मी ते नाव दाबलं, परवानगी काढून टाकली, आणि खालच्या नावाकडे वळले.